विहिरीपर्यंतचा दोर

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आले एकदाची. प्रितमने गाडी फाटकापाशी उभी केली आणि दीपिकाने मला हात धरून उतरवले, जणू मी लोणच्याची बरणी. उतरल्याबरोबर समुद्राचा आवाज आला आणि मला इतके बरे वाटले की तिचा हात झटकायचेही विसरले.

घर लहान आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणीघर. अंगणात एक माड, माडापलीकडे विहीर, विहिरीपलीकडे संडास. चिऱ्याच्या भिंती, कौले अजून लाल. आमच्या ह्यांनी निवृत्त झाल्यावर बांधले. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. म्हणायचे, खूप लोकांना समुद्रावर सोडले, आता आपण उतरू. वास्तुशांत करून आम्ही नांदगावला परत गेलो, सामान आणायला. मग माझी गाठ निघाली आणि पुढच्या वर्षी तेच गेले. चार वर्षे कुलूप होते.

प्रितम माझ्या दिराचा मुलगा, कुडाळला कारखान्यात आहे. त्याच्याशी बोलणे झाले आहे. पंधरा डिसेंबरच्या रविवारी तो येईल. तोवर मी एकटीने नीट राहिले, पडले-झडले नाही, कोणाला हाक मारावी लागली नाही, तर मी इथेच. नाहीतर कुडाळला, त्यांच्या फ्लॅटमध्ये. तिथली खोली मला दाखवून झाली आहे. खोली म्हणजे काच लावलेली बाल्कनी. एक खाट, भिंतीवर टीव्ही. दीपिका म्हणाली, काकी, तुम्हाला दिवसभर भजने लावून देऊ. मला भजनांचा राग नाही. दुसऱ्याने लावून दिलेल्या भजनांचा आहे.

संध्याकाळी स्वतः चहा केला आणि ओट्यावर बसून प्याले. खाडीचे तोंड म्हणजे मला एक उजळ पट्टा दिसतो. पुरे आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

डोळ्यांचे एकदा लिहून टाकते, कारण नांदगावात सगळ्यांचे एकमत झाले आहे की पुस्तके वाचून माझे डोळे गेले. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने वाचायचे कशाला, असा त्यामागचा अर्थ. हे बसच्या सीटवर राहिलेली वर्तमानपत्रे, मासिके, एखादे पुस्तक मला आणून द्यायचे. त्यावर मी वाचायला शिकले आणि लिहायलाही. म्हणून बोलते मालवणी आणि लिहिते वर्तमानपत्रासारखे.

झाले ते असे. डाव्या डोळ्याच्या नसेभोवती गाठ होती, मागे दोन्ही नसा एकत्र येतात तिथपर्यंत गेलेली. कॅन्सरची नव्हती. कापली तर नस जाईल, म्हणून किरण दिले. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून. तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला खिळवत. हे बाहेर बाकावर बसून असत. गाठ थांबली. सगळे पेढे खाऊन मोकळे झाले.

दोन वर्षांनी डावा डोळा गेला. दुखले नाही, खुपले नाही, पडदा ओढल्यासारखा गेला. या श्रावणात उजवाही वरून मिटायला लागला. डॉक्टर म्हणाले, गाठ वाढलेली नाही, किरणांचा हा उशिरा होणारा परिणाम आहे, नस वाळते. गोळ्यांचे मोठे डोस झाले, इंजेक्शने झाली. डॉक्टर तरुण होता, पण खरे बोलला. म्हणाला, गेलेले येणार नाही, आहे ते किती टिकेल सांगता येत नाही, आता न दिसता राहायला शिका. एवढे सरळ माझ्याशी नंतर कोणीही बोललेले नाही. बाकीच्यांनी गाजरे आणली. एकीने डोळ्यात घालायला मध आणला. मी तो पोळीबरोबर खाल्ला.

आता उजव्या डोळ्याला खालचा अर्धा भाग दिसतो, तोही धुक्यातून. पुठ्ठ्याला ओळीएवढी खाच कापून घेतली आहे, ती वहीवर ठेवते आणि जाड काळ्या पेनने खाचेतून लिहिते. ओळ वाकडी जात नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

घर लावून झाले. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन, तिखटाला तीन. ओट्याच्या पायऱ्यांच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवली. कपात चहा ओतताना बोट आत धरते, चटका बसला की भरला. विळी भिंतीला, पाते आत. माझा एकच नियम आहे, वस्तू जागची हलता कामा नये. ज्याला दिसते त्याचे घर कसेही असले तरी चालते.

शेजारी तुळसा राहते. मासे विकते, नवरा होडीवर. आमच्या दोघींच्या घरांमध्ये गडगा आहे, कमरेएवढा दगडी. त्याला डावा हात लावून चाळीस पावले गेले की तिचे दार. मी अजून गेलेली नाही. तीच येते, बांगडे घेऊन. तिचे तोंड सतत चालू असते. आज म्हणाली, काकी, डोळे नसान तुमी एवढा करतास, डोळे असते तर काय केला असता? मी म्हटले, तुझ्याकडे बघून हसले असते. ती खो खो हसली. नांदगावातल्यांपेक्षा बरी आहे. निदान कीव करत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज दोर बांधला. विहीर आणि संडास या दोन ठिकाणी मला रोज जावे लागते आणि मोकळ्या अंगणात धरायला काही नाही. होडीवरचा जुना नायलॉनचा दोर तुळसाकडून घेतला. ओट्याच्या खांबापासून माडाला, माडापासून विहिरीच्या रहाटाला, तिथून संडासाच्या कडीला. कमरेच्या उंचीवर, ताणून. माडापाशी एक गाठ, विहिरीपाशी दोन, संडासापाशी तीन. खांबापासून माड सहा पावले, माडापासून विहीर अकरा. सगळ्या गाठी माझ्या हाताने मारल्या.

बांधून होईपर्यंत तुळसा गप्प होती, आणि ती गप्प असणे ही बातमी आहे. शेवटी म्हणाली, काकी, माडाच्या पलीकडे बांधू नको गो. ती वाट आसा.

कसली वाट? तिथे गवत आहे. ती म्हणाली, माड आणि विहीर यांच्यामधून राखणदाराची वाट जाते. गावाची राखण करणारा. खाडीकडून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रोज. म्हणून घर बांधताना गावाने विहीर पुढे सरकवून घेतली होती. त्याच्या वाटेत आडवे काही घालायचे नसते.

मी दोर सोडला नाही. चार वर्षे बंद घराच्या अंगणातून जो फुकट गेला, त्याने आता घरात माणूस आहे हे समजून घ्यावे.

२० नोव्हेंबर, बुधवार

तुळसाने जाऊन सांगितलेच. आज तिच्याबरोबर गणपत आला. वाडीत देवाला गाऱ्हाणे घालायचा मान त्याचा आहे. म्हातारा, सभ्य, ओट्यावर न चढता पायरीशी उभा राहून बोलला. दोर काढा असे तो म्हणाला नाही, हे मला मान्य केले पाहिजे. म्हणाला, बाय, आमचा कायएक म्हणणा नाय. एक नारळ ठेवया, मी गाऱ्हाणा घालतंय. तेका सांगतंय, बाबा, ह्या लेकीचे डोळे गेले, तिचो दोर तुझ्या वाटेर आसा, सांभाळून घे.

बोलणे वाईट नव्हते. पण मला ते ‘लेकीचे डोळे गेले’ नको होते. गावासमोर, देवासमोर, नारळ ठेवून ते जाहीर करायचे, मग वाडीतल्या बायका येऊन च्यक च्यक करणार आणि आठवडाभरात कुडाळला कळणार की काकी आंधळेपणाने राखणदाराच्या पायात दोर बांधून बसली. मी विचारले, तेका दिसता मां? गणपत म्हणाला, दिसता म्हणजे काय. मी म्हटले, मग वाकान जावंदे.

तुळसा हसली आणि मग तिने तोंडावर हात ठेवला असावा, कारण हसणे मध्येच बंद झाले.  गणपत चपला घालून गेला.

२४ नोव्हेंबर, रविवार

छान दिवस. सगळे जमते आहे. दुपारी भिंगाखाली मासिकाच्या एका वेळी तीन ओळी, अशी दोन पाने वाचली. पूर्वी एवढे मी तांदूळ निवडता निवडता वाचायची. हे असते तर वाचून दाखवले असते, एसटीच्या आवाजात, प्रत्येक गावाच्या नावाला दम घेऊन. रडले थोडी. मग उठून भांडी घासली.

एक लिहायचे राहिले. बारा वाजता विहिरीवरून येताना दोर थरथरला. मी थांबले तर तोही थांबला. कावळा बसला असेल.

२७ नोव्हेंबर, बुधवार

डोळ्यांनी नवा खेळ काढला आहे. जिथे काही दिसत नाही त्या वरच्या भागात चित्रे दिसतात. काल विटांची भिंत दिसली, आज पिवळी फुले. याची मला माहिती होती. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईने सांगितले होते, नजर गेली की मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो, वेड नव्हे, घाबरू नका. डोळे मिटले की चित्र जाते. चित्राला आवाज नसतो, वजन नसते.

दुपारी माडाच्या पलीकडे उंच माणूस दिसला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तोंड दिसले नाही. डोळे मिटले, गेला. उघडले, होता. मेंदूला म्हटले, तुळसा आणि गणपत यांचे ऐकून तू एवढेच काढू शकलास?

३० नोव्हेंबर, शनिवार

आज गाठी चुकल्या. माडापासून अकरा पावलांवर दोन गाठी असायला हव्यात. हाताला एकच लागली. पुढे दोन पावलांवर आणखी एक, तिथे विहीर नव्हती. विहिरीचा काठ पायाला लागला तेव्हा हाताखाली गाठच नव्हती.

मी इतकी वेडी नाही. गाठी मी मारल्या आहेत आणि त्या आपोआप चालत नाहीत. कोणीतरी सोडून परत बांधते आहे. दीपिका करेल हे. पंधरा तारखेपूर्वी काकी घाबरून यावी म्हणून. बाल्कनीला काच लावली, आता तिथे ठेवायला म्हातारी हवी. कुडाळहून येऊन गाठी सोडायला ती फार आळशी आहे, हेही खरे. मग तुळसाला सांगितले असेल.

सगळ्या गाठी सोडून पुन्हा मारल्या. दाताने ओढून घट्ट केल्या.

३ डिसेंबर, मंगळवार

उजव्या डोळ्याचा खालचा भागही चालला. सकाळी ताटातला भात दिसला, आमटी दिसली नाही. उजेड कुठून येतो ते कळते, एवढेच.

दोर धरला की पलीकडूनही कोणी धरते. ओढत नाही. धरून असते. आपण पाळण्याची दोरी धरावी आणि झोपलेल्या मुलाचे वजन कळावे, तसे. आज बारा वाजता माडापाशी उभी राहून मी समुपदेशक बाईने सांगितल्याप्रमाणे केले. समोर तो होता, घोंगडीवाला. डोळे मिटले. गेला.

दोराला वजन होते.

चित्राला वजन नसते.

क्षणभर वाटले, हे असतील. मग माझे मलाच हसू आले. हे असते तर आधी खोकले असते. चाळीस वर्षांत त्यांनी मला कधी न सांगता हात लावला नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

माडापासून विहीर चौदा पावले.

परत येताना नऊ.

तुळसाला सरळ विचारले, गाठी तू हलवतेस का? कुणी सांगितले तुला? ती रागावली नाही, हेच मला आवडले नाही. हळू म्हणाली, काकी, त्या दोराक मी हात लावूचंय नाय. माझो घोव पण लावूचो नाय. गणपत आबांका बोलवू काय? अजून येतीत ते.

नको म्हटले. मोलकरणीला सांगावे तसे म्हटले. ती बांगडे ठेवून गेली.

८ डिसेंबर, रविवार

प्रितमचा फोन. दीपिका मागून बोलत होती, विचारा ना, आंघोळ कशी करतात विचारा. मी सांगितले, पाण्याने. सगळे ठीक आहे का? ठीक आहे. काही हवे का? काही नको. भीती वाटते का? कसली भीती?

 विहिरीवर सकाळपासून गेलेली नाही. पिपात पाणी आहे, दोन दिवस पुरेल. संडासाला जाते ते धावत, दोर न धरता, पडेन अशी. एकदा पडले. गुडघा फुटला. हे प्रितमला दिसता कामा नये, लुगडे खाली घ्यायचे.

सात दिवस. सात दिवस काढले की मी इथेच.

९ डिसेंबर, सोमवार

दोर कापला.

कोयत्याने, चार तुकडे केले. चाचपडत सगळे गोळा करून चुलीत घातले. नायलॉनचा घाण वास घरभर झाला. प्रितमला सांगेन दोराची गरज उरली नाही, पावले पाठ झाली. खोटे नाही. सतरा पावले मला पाठ आहेत.

अंगण सतरा पावलांचे राहिले तर.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी ओट्याच्या खांबाला हात लागला.

दोर आहे.

नायलॉन नाही. काथ्याचा, जाड, जुना, ओला. खारट वास. माझा दोर गुळगुळीत होता, हा हाताला टोचतो. कमरेच्या उंचीवर, ताणलेला. मी बांधला होता तसाच, माझ्याच उंचीला. एक गाठ हाताला लागली, तिला माझ्यासारखाच दोनदा वेढा होता — दाताने ओढलेली —

तुळसाला हाक मारावी असे मनात आले. मग वाटले ती काय म्हणेल. गावभर.

नाही मारली.

डोळ्यांना आता उजेडही नाही. सकाळ आहे हे कोंबड्यावरून कळले.

११ डिसेंबर, बुधवार

दोर घरात आहे.

खाटेच्या पायाला बांधलेला. मी झोपले होते त्या खाटेच्या. दार आतून बंद होते, कडी तशीच होती, मी तीन वेळा बघितले — चाचपले. दोर दाराखालून येतो.

रबरे नाहीत. एकाही डब्याला. चहात मीठ पडले. विळी पात्याने बाहेर होती, बोट कापले. या पानाला रक्त लागले असेल, मला माहीत नाही.

अजून चार दिवस.

दुपारी बारा वाजता दोर ताणला गेला. खाट सरकली. थोडी. एक वीतभर. मग थांबली.

मी बोलले त्याच्याशी. म्हटले, तुला दिसते ना, मग मला का —

 दोर ढिला झाला, ऐकल्यासारखा. ऐकणारा तो आहे हे जास्त वाईट.

१२ डिसेंबर, गुरुवार

ठरवले. पुरे झाले. कुडाळ तर कुडाळ. बाल्कनी तर बाल्कनी. दीपिका भजने लावेल, मी ऐकेन, तिने हाताने भरवले तरी खाईन. तिथे काच आहे, तिथे रस्त्यावर गाड्या आहेत, माणसे आहेत.

आधी गणपत. नारळ, गाऱ्हाणे, काय म्हणेल ते. लेकीचे डोळे गेले म्हण बाबा, मोठ्याने म्हण, सगळ्या वाडीला ऐकू जाऊ दे. मीच म्हणेन.

फोन जागेवर नाही. तुळसाकडे चालले. दोराला हात लावायचा नाही. ओट्यावरून डावीकडे, गडग्याला डावा हात, चाळीस पावले. वही आणि पुठ्ठा पिशवीत घालते. घरात ठेवणार नाही.

अंगाला ऊन लागते आहे. अकरा वाजले असतील. भर दिवस आहे. घाबरायचे काही —

१२ डिसेंबर, बाहेर

बसले आहे. कशावर ते माहीत नाही. दगड आहे, गार.

गडगाच धरला होता. हाताखाली दगड होते, शेवाळ होते, मध्ये एक गोगलगाय होती. मी मोजत होते. चाळीस झाले, दार नाही. साठ. नव्वद. हाताखाली दगड नव्हते, काथ्या होता. कधीपासून — कळले नाही. हात सोडला तर दुसरीकडे काहीच नाही. हवा. पुन्हा धरला.

एकशेनव्वद पावले मोजली. समुद्र उजवीकडे हवा, तो मागे आहे. ऊन होते ते गेले. ढग नाही, सावली आहे, कोणाची तरी, मोठी.

दोर सोडून बसले आहे. लिहिते म्हणजे हाताला काम. पुठ्ठा पडला कुठेतरी. ओळी एकावर एक जात असतील.

तुळसा.

तुळसाचा आवाज. लांब, माझ्या ओट्यावरून. काकी, गो काकी, खंय आसास? बांगडे आणले आहेत. दार वाजवते.

मी ओरडणार. आत्ता. महिनाभर नाही मारली ती हाक मारणार —

आवाज आला. माझ्या तोंडातून नाही. घरातून.

माझा आवाज.

मी हय आसंय गो. बरी आसंय. दुखता काय नाय.

तुळसा म्हणाली, मग दार कित्याक उघडणास नाय? आवाज म्हणाला, न्हावक बसलंय. आणि हसला. माझ्यासारखा, नाकातून. म्हणाला, प्रितमाक फोन करून सांग, येव नको. काकी हयच रवतली.

तुळसा हसली. बरा तर, म्हणाली, सांजेक येतंय.

मी ओरडते आहे. घसा दुखतो आहे इतकी ओरडते, आणि माझ्याच कानाला काही —

फाटकाची कडी. ती गेली.

मांडीवर दोर आला. मी घेतला नाही. हातात कोणी दिला, हळू, आंधळ्या माणसाला देतात तसा, बोटे उघडून, एकेक

उठायचे नाही मला. मी उठत नाही, पाय